कचऱ्याला हात कोणाचा

स्टुटगार्टमध्ये भाड्याचं घर मिळालं की घरमालक किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर कागदांची एक चळतही हातात ठेवतो. घराचे नियम, विजेच्या मीटरचे आकडे आणि कचऱ्याचं वर्षभराचं वेळापत्रक. पहिल्या दोन्हींवर सही झाली की ते फायलीत जातात. तिसरं फ्रिजवर जातं आणि घर सोडेपर्यंत तिथून हलत नाही. कुठल्या आठवड्यात कुठला डबा उचलणार, सणाची सुट्टी आली तर वार कसा पुढे सरकणार, सगळं त्यात छापलेलं. भारतातून नव्याने आलेल्या माणसाला व्हिसा, बँक, शहरातली नोंदणी यांचं दडपण असतं; पण त्या गोष्टी एकदाच्या होऊन जातात. कचरा रोज होतो.

करड्या डब्यात उरलासुरला कचरा, तपकिरीत ओला, निळ्यात किंवा हिरव्यात कागद, पिवळ्या डब्यात किंवा पिशवीत वेष्टनं, म्हणजे प्लास्टिक, पत्र्याचे डबे, दुधाची खोकी. काच यांतल्या कशातच नाही. ती नाक्यावरच्या पेट्यांत, पांढरी, तपकिरी, हिरवी अशी रंगवार. निळी बाटली असेल तर हिरव्यात. तेही रविवारी नाही आणि रात्री नाही, कारण काच फुटली की आवाज होतो. डब्यांचे रंग आणि रिवाज गावोगाव बदलतात. म्युनिकमध्ये वर्षानुवर्षं घरी पिवळा डबाच नव्हता. वेष्टनांचा कचरा काचेसारखाच नाक्यावर नेऊन टाकायचा. त्यामुळे एका गावात शिकलेलं दुसऱ्या गावात उपयोगी पडेलच असं नाही, आणि इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर नारळाची करवंटी तपकिरीत की करड्यात यावर रंगलेला वाद कधीच निकालात निघत नाही. दोन्ही बाजू बरोबर असतात. फक्त त्या वेगवेगळ्या गावांत राहत असतात.

हा सगळा व्याप जर्मन लोक केवळ शिस्तीपोटी निमूट करतात, असं आपल्याकडे कौतुकाने सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. उरलेलं अर्धं पैशात आहे. करड्या डब्याचे पैसे घराला पडतात. डबा केवढा आणि किती वेळा उचलायचा यावर ते ठरतात आणि वर्षअखेर भाडेकरूच्या हिशोबात येऊन बसतात. वेष्टनांचं तसं नाही. १९९१ साली इथे वेष्टनांचा कायदा आला. वेष्टन बाजारात आणणाऱ्यानेच ते परत गोळा करण्याचा खर्च सोसायचा, हे त्यात ठरलं. म्हणजे शांपूच्या बाटलीच्या कचऱ्याचे पैसे शांपू घेतानाच दिलेले असतात. तीच बाटली करड्यात टाकली तर ते दुसऱ्यांदा द्यायचे. मराठी मध्यमवर्गीयाला हे गणित समजायला जर्मन यावं लागत नाही.

बारकावे मात्र भाषेपेक्षाही जास्त. दह्याचा डबा पिवळ्यात, पण त्याचं पातळ झाकण पूर्ण सोडवून, कारण पुढे पट्ट्यावरचं यंत्र एकात एक अडकलेले दोन पदार्थ वेगळे ओळखू शकत नाही. डबा धुवायची गरज नाही, चमच्याने निपटलेला असला की पुरे. दुकानाची पावती हा कागद असूनही कागदात नाही, कारण तो रसायन लावलेला, ती करड्यात. तेलकट झालेलं पिझ्झाचं खोकंही करड्यात. फुटलेला पाण्याचा ग्लास काचेच्या पेटीत चालत नाही, त्याची काच बाटलीच्या काचेपेक्षा वेगळ्या तापमानाला वितळते. चकल्या तळून उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही. गार करून झाकणाच्या बाटलीत भरायचं आणि ती बाटली करड्यात. आणि लोणच्याची बरणी? तिचं झाकण पिवळ्यात, बरणी पांढऱ्या काचेत, असं पुस्तक सांगतं. मी इथल्या एकाही मराठी घरातून लोणच्याची बरणी बाहेर जाताना पाहिलेली नाही. न्यूटेलात मेतकूट, मोहरीच्या बरणीत हिंग, आणि इतक्या बरण्या की त्यांच्यासाठी वेगळं कपाट.

ओल्याचा तपकिरी डबा मला सगळ्यात जवळचा. २०१५ पासून ओला कचरा वेगळा गोळा करणं जर्मनीत कायद्याने आलं. त्यात चहाचा चोथा जातो, भाजीची देठं जातात, आणि आमच्याकडे रोजचं निर्माल्यही. निर्माल्य डब्यात टाकताना सुरुवातीला हात अडखळतो, हे कबूल करायला हरकत नाही. पण त्याचं पुढे खत होणार असतं, आणि पुण्यात तेच निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीची गाठ मारून पुलावरून मुठेत भिरकावणारे लोक मी लहानपणापासून पाहिलेत. त्यापेक्षा देवाला हे आवडत असावं. प्लास्टिकची पिशवी इथे या डब्यात अजिबात नाही. बाजारात मिळणारी, मातीत विरघळते असा छाप मारलेली पिशवीही बहुतेक गावांत चालत नाही, कारण खतखान्याच्या वेळात ती विरघळून संपत नाही. मग वर्तमानपत्र. दुमडून, तळाशी घडी पाडून त्याची खोल पुडी करायची, त्यात सालं भरायची, तोंड मुडपायचं. उन्हाळ्यात असं केलं नाही तर डब्यात अळ्या होतात आणि इमारतीत बोलणी होतात. पुडी बांधण्याची ही कला मला आजीकडून आलेली होती. तिने ती शेंगदाण्यांसाठी शिकवली होती, एवढाच फरक.

कचऱ्याचं वेळापत्रक सगळ्या जर्मनीत असतं, पण आमच्या या श्वाबियन मुलखाचं, म्हणजे स्टुटगार्ट आणि त्याच्या भोवतालच्या भागाचं, एक खास प्रकरण वेगळं आहे: केअरवोखे. म्हणजे झाडण्याचा आठवडा. इमारतीतली घरं पाळीपाळीने जिना, तळघर, दारासमोरचा रस्ता झाडतात-पुसतात, थंडीत बर्फही ओढतात. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकते. आठवडा संपला की काम करून ती पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची, काही न बोलता. या रिवाजाचं मूळ सांगताना १४९२ सालाकडे बोट दाखवतात. त्या वर्षी काउंट एबरहार्डच्या कारकिर्दीत स्टुटगार्टला जे नगरनियम मिळाले, त्यांत प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला स्वतः गावाबाहेर न्यावी असं होतं. पुढे शतकानुशतकं ते शहराच्या नियमांत राहिलं, १९८८ मध्ये शहराने सक्ती काढून टाकली. पण भाडेकरारांतून ते अजून जिवंत आहे. आमच्या तळमजल्यावरच्या बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि अजून आपली पाळी दुसऱ्याला देत नाहीत. पायपुसणं नुसतं सरकवायचं नाही, उचलून उलटं करून खालचं झाडायचं, हे त्यांनी मला प्रत्यक्ष करून दाखवलं आहे.

एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना मी जिन्यात होतो. आई म्हणाली, "अरे, तू जिना पुसतोस? तिथे बाई नाही का मिळत?"

"या आठवड्यात बाई मीच आहे."

आई हसली, पण त्या हसण्यात थोडं काहीतरी अडकलेलंही होतं, आणि ते काय हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पुण्यात वाढलेल्या माझ्यासारख्या मुलाच्या हातात घरातला झाडूसुद्धा क्वचित आला. जिना, गटार, संडास यांचा तर प्रश्नच नव्हता. ती कामं कोण करतं हे घरात कुणी शिकवलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या माणसांची आडनावंही ठाऊक होती. आपल्याकडे कचरा कधीच नुसता कचरा नसतो. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना. त्यांच्या नावाने महाराष्ट्र सरकारने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. त्यातून बऱ्याच गावांचं खरोखर भलं झालं. पण शहरातल्या सोसायट्यांमध्ये खराटा अजून फोटोपुरताच हातात येतो. श्वाबियन माणूस आपल्यापेक्षा थोर आहे असं मुळीच नाही. दुसऱ्याने जिना कसा पुसला यावर नजर ठेवण्यात त्याला जे सुख मिळतं, ते पाहून आपल्या वाड्यांतल्या नळावरच्या बायका आठवतात. पण डॉक्टर, ड्रायव्हर, पेन्शनर सगळ्यांच्या दाराला तीच पाटी लटकते, हे मला इथलं सगळ्यात मोठं शिक्षण वाटतं.

डबे भरले, उचलले गेले, पुढे काय? करड्या डब्यातला कचरा नेकार नदीकाठच्या म्युन्स्टर भागातल्या मोठ्या भट्टीत जाळला जातो. त्यातून वीज होते आणि शहरातल्या घरांना ऊब जाते. २००५ च्या जूनपासून घरचा कचरा प्रक्रिया न करता जमिनीवर ओतून ठेवायला जर्मनीत बंदी आहे. म्हणजे कचऱ्याचे नवे डोंगर इथे उभे राहत नाहीत. पिवळ्या डब्याचं मात्र जेवढं कौतुक होतं तेवढं सगळं खरं नाही. इतक्या मेहनतीने वेगळं काढलेल्या प्लास्टिकपैकी बराच भाग शेवटी भट्टीतच जातो, हे इथले लोकही जाणून असतात आणि तरी दह्याचं झाकण सोडवत राहतात. मीही सोडवतो.

स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे आणि त्याचा डोंगर आता लांबून दिसतो. स्टुटगार्टच्या पश्चिमेलाही एक डोंगर आहे, बिर्केनकोप्फ. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकीत पडलेल्या घरांचा राडारोडा १९५३ ते १९५७ या काळात या टेकडीवर नेऊन टाकला, तेव्हा ती सुमारे चाळीस मीटरनं वाढली. आता माथा ५११ मीटरवर आहे. वर कोरीव दगड, खांबांचे तुकडे, दाराच्या कमानी तशाच पडलेल्या दिसतात. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो, कारण वरून शहर छान दिसतं. भारतातून आलेले बहुतेक जण फोटो काढतात. माझे एक काका तिथल्या दगडावर बसले नाहीत. "कुणाच्या तरी घराचा उंबरठा आहे हा," म्हणाले.

गणपतीत या सगळ्या शिकवणीची परीक्षा असते. इथे भाड्याने घेतलेल्या हॉलच्या करारात साधारण असं लिहिलेलं असतं की आपला कचरा आपण घेऊन जायचा. महाप्रसादाची पंगत दोनशेच्या घरात गेली की हा मजकूर आठवतो. मग मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतला एखादा सीनियर इंजिनियर सोवळं सांभाळत पिशव्यांच्या रांगेसमोर वाहतूक पोलिसासारखा उभा राहतो. "पत्रावळीतलं उष्टं इथे, पत्रावळ तिथे, लाकडी चमचे... थांबा, चमच्यांचं विचारून सांगतो." एका बाजूला शिऱ्याचे मूद राहिलेले द्रोण, दुसऱ्या बाजूला आरतीच्या ताटातली फुलं, मधे कुणाचं तरी बाळ आणि त्याचं डायपर, जे निर्विवाद करड्यात. शेवटी भरलेल्या पिशव्या ज्यांच्या गाड्या मोठ्या त्यांच्या डिकीत जातात, आणि पुढचे कित्येक दिवस त्या चार कुटुंबांच्या इमारतींमध्ये मसालेभाताचा वास येत राहतो. मोरया म्हणून सगळे पांगतात तेव्हा पिशव्या घेऊन जाणाऱ्यांकडे कुणी फारसं बघत नाही. ही सवय आपण सामानाबरोबर आणलेली आहे.

आता त्या माणसांकडे येतो ज्यांच्याबद्दल मुळात लिहायचं होतं.

जर्मनीत बाटलीवर अनामत असते, तिला फांड म्हणतात. २००३ साली ती एकदाच वापरायच्या बाटल्यांवर सक्तीची झाली; आता अशा प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या पत्र्याच्या डब्यावर २५ सेंट. पुन्हा भरून वापरायच्या बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट. स्वस्त दुकानात पाण्यापेक्षा बाटलीची अनामत जास्त, असंही होतं. रिकाम्या बाटल्या पिशवीत भरून सुपरमार्केटात न्यायच्या. तिथे भिंतीत एक गोल भोक असतं. त्यात बाटली आडवी सारायची, बुडाच्या बाजूने. आत ती गरगर फिरते, यंत्र तिच्यावरची खूण वाचतं, मग ती पुढे सरकते आणि आतून चेंगरल्याचा आवाज येतो. लेबल फाटलेलं असलं किंवा बाटली आधीच चेपलेली असली तर यंत्र ती परत ढकलून देतं. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते आणि ती गल्ल्यावर वठते. पोरांना हे यंत्र फार आवडतं. आमच्या मुलाचा खाऊ त्यातूनच निघतो.

पण केनिगस्ट्रासेवर, म्हणजे शहरातल्या मुख्य बाजाररस्त्यावर, स्टेशनात, सामना संपल्यावर स्टेडियमबाहेर, कचऱ्याच्या डब्यांत टॉर्च मारून बाटल्या शोधणारी माणसं दिसतात. त्यांतली बरीच म्हातारी, कपड्यांनी नीटनेटकी, हातात मोठी निळी पिशवी आणि लांब चिमटा. पुरुष आहेत, बायका आहेत, जर्मन आहेत, बाहेरून आलेलेही आहेत. बिअरच्या तेरा बाटल्या वेचल्या की एक युरोच्या जरा वर. ती माणसं भीक मागत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, आणि येणारे-जाणारे त्यांच्या आरपार पाहतात. इतक्या काटेकोर व्यवस्थेच्या कडेला ही माणसं उभी आहेत, हे ध्यानात यायला मला वेळ लागला, कारण इथे कचरा वेचणारं कुणी नसतंच अशी माझी पुण्याहून आणलेली समजूत होती.

आणि पुण्याचं मला नव्याने कळलं ते इथेच. आमच्या सोसायटीत ओला-सुका घ्यायला रोज यायच्या त्या मावशी 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद होत्या. त्यामागे १९९३ साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, बाबा आढावांच्या पुढाकाराने बांधलेली, कचरावेचकांची स्वतःची संघटना. नव्वदच्या दशकातच पुण्याच्या महापालिकेने या कचरावेचकांच्या ओळखपत्रांवर मान्यतेची मोहोर उठवली. मावशींच्या गळ्यातलं ते कार्ड मी रोज पाहत होतो आणि कधी वाचलं नव्हतं. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही, एवढं साधं मागणं घेऊन त्या दारोदार हिंडल्या होत्या. आमच्या मजल्यावर ते किती घरांनी पाळलं, हे न लिहिलेलं बरं. मी काही पुणं सुधारलं असं म्हणत नाही. उरुळी देवाचीच्या कचरा डेपोचा वास माझ्या अजून नाकात आहे. पण उकिरड्यावर कोयत्या-आकड्याने वेचणाऱ्या बाईने सोसायटीच्या चेअरमनला "काच अशी उघडी टाकाल तर उचलणार नाही" असं तोंडावर सांगावं, यामागे संघटनेचं बळ लागतं. केनिगस्ट्रासेवरच्या त्या आजोबांच्या गळ्यात कसलंच कार्ड नाही.

इथे एक रीत आहे: अनामतीची बाटली डब्यात न टाकता डब्याच्या शेजारी उभी ठेवायची, म्हणजे कुणाला घाणीत हात घालावा लागत नाही. काही शहरांत डब्याला त्यासाठी कडीही जोडलेली असते. मी बाटली बाहेर ठेवतो. तळमजल्यावरच्या बाईंना हे साफ नामंजूर आहे. जन्मभर काम केलेल्या माणसाला म्हातारपणी बाटल्या उचलाव्या लागतात ही या देशाला लाज आहे, आणि तुम्ही ती लाज नीट मांडून ठेवता, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतः बाटल्या यंत्रात घालतात आणि काही दुकानांत असतं ते दुसरं बटण दाबतात. ते पैसे गरजूंना अन्न वाटणाऱ्या 'टाफेल'ला जातात. मला वाटतं, बटणाने पोट भरेलही, पण त्या आजोबांना आज रात्रीची बाटली हवी असते. यावर आमचं जिन्यात बऱ्याचदा होतं.

एकदा मी त्यांना पुण्याच्या पंचायतीबद्दल सांगितलं. त्यांनी पायरीवर झाडू टेकवून सगळं ऐकून घेतलं. वर्गणी किती, कार्डावर सही कोणाची, आजारी पडलं तर काय, असं एकेक विचारलं. मग म्हणाल्या, "आणि महापालिकेने नाही ऐकलं तर?"

"मोर्चा काढतात. महापालिकेसमोर जाऊन बसतात."

"मग आमच्याकडच्यांनी कोणासमोर बसायचं? शहर काही त्यांना बाटल्या वेचा म्हणत नाही."

मी सांगितलं की एकदाच वापरायची जी बाटली परत येत नाही, तिचे २५ सेंट पेय विकणाऱ्या कंपनीकडेच राहतात. तेव्हा बसायचंच तर त्यांच्या दारात बसावं. बाईंना हे अगदी पटलं. फक्त तशा मोर्चाची नोंद आधी शहराच्या कार्यालयात करावी लागते, त्याला मुदत असते, आणि निघताना जागा झाडून द्यावी लागते, एवढं त्यांनी मला तिथल्या तिथे बजावून ठेवलं.